उभ्या माणसाचं माप

सावरीच्या पाड्यात कोणी वारलं की माणसं आधी कमळूच्या अंगणात यायची. रडायला बायका होत्या, लाकडं फोडायला तरणी पोरं होती, पण तिरडीचा बांबू तोडावा तो कमळूनेच. हे काम त्याच्या बापाकडून त्याच्याकडे आलं होतं. त्याचं त्याला कोणी काही देत नसे, उलट बारशाला आणि हळदीला लोक त्याला जरा लांबच बसवत. कमळूला त्याचं वाईट वाटत नव्हतं. आडव्या माणसाची लांबी त्याला नुसत्या नजरेने कळायची, दोरी तो रीत म्हणून लावायचा. लांबी, अधिक डोक्याकडे एक वीत, अधिक पायाकडे एक वीत. चाळीस वर्षांत त्याचा एकही बांबू कमी की जास्त झाला नव्हता आणि या गोष्टीचा त्याला नको तेवढा अभिमान होता. पुढचं सगळं त्या अभिमानापायी झालं.

पाडा मुरबाडपासून पंधरा-सोळा किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याला. सत्तावीस घरं, सगळ्यांची दारं बुटकी. अशा ठिकाणी कमळू आणि जिवलीच्या पोटी तो ताडमाड पोरगा कसा जन्मला हे देवालाच ठाऊक. कमळू स्वतः पाच फूट तीन इंच, जिवली त्याच्या खांद्याला लागायची. शनिवारी जन्मला म्हणून पोराचं नाव हनुमान ठेवलं. आठवीत गेला तेव्हा आश्रमशाळेच्या दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागायला लागली. शेजारचा मंगळूबा, पाड्यातला सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात थट्टेखोर माणूस, त्याने एका मोडक्या पिंपाची लोखंडी कडी काढली आणि खळ्याकडेच्या सावरीच्या झाडाला उंच ठोकून दिली.

"घे रे, टाक याच्यात बॉल," तो म्हणाला. "नुसता लांब होऊन काय करशील? लोकांच्या कौलांवरची मांजरां हाकलशील?"

तिथून सुरू झालं. रोज दुपार टळली की खळ्यातून आवाज यायचा. थप, थप, थप, मग एक क्षण काहीच नाही, मग कडीचा खणका. बारावीनंतर हनुमान शहापूरच्या कॉलेजात गेला, तिथल्या वसतिगृहात राहिला. कॉलेजच्या सरांनी त्याला पहिल्या दिवशी बघितलं आणि हातातला चहा खाली ठेवला म्हणे. दोन वर्षांत तो विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात होता. तिसऱ्या वर्षी कुठल्याशा मोठ्या स्पर्धेत त्याने एका सामन्यात चौतीस गुण केले, त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला, आणि मुंबईच्या एका एजंटाचा फोन आला. जॉर्जिया नावाचा देश आहे, डोंगराळ, तिथला एक क्लब उंच खेळाडूच्या शोधात आहे, पगारी खेळाडू म्हणून नेतील. पाड्यात कोणी त्या देशाचं नाव ऐकलेलं नव्हतं. मंगळूबाने मात्र लगेच सांगून टाकलं की आमचा हनुमान समुद्र ओलांडायला निघाला, आता लंकेवाल्यांनी आपली शहरं सांभाळावी.

मे महिन्यातली दुपार होती. हनुमान सुट्टीला घरी आलेला. एजंटाने फोनवर सांगितलं, क्लबला उंचीचा व्हिडिओ हवा. अनवाणी, सरळ उभं राहून, आणि आज संध्याकाळच्या आत, कारण दुसराही एक मुलगा रांगेत आहे. सहा फूट सात इंचांच्या खाली त्यांना नको होतं. पाड्यात टेप एकच, शिवणकाम करणाऱ्या सावळीकडचा, कापडी आणि पाच फुटांचा. जिवली पाटावर चढली, वर टेप धरला, खाली सावळीने धरला, मधे कुठे तरी हात सरकला आणि उंची भरली सहा फूट पाच.

"मग राहू दे," एजंट म्हणाला. "सॉरी यार."

हनुमान ओसरीवर बसला आणि आपल्या लांबलचक पायांकडे बघत राहिला, जणू त्यांनीच त्याला फसवलं होतं. पोराला तसं बघून कमळूला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याहीपेक्षा जास्त त्याला राग आला.

"सहा फूट पाच?" तो ओरडला. "चाळीस वर्षां मी मापां काढतोय. माझा पोर मला दिसत नाय? ऊठ रे, उभा रहा!"

त्याने परड्यातला एक सरळसोट बांबू तोडून आणला, हनुमानाच्या पाठीशी उभा लावला, डोक्यावर पाटी आडवी ठेवली आणि कोयत्याने नेमकी खूण करून बांबू तिथे कापला. मग तो बांबू जमिनीवर आडवा ठेवून सावळीचा टेप त्यावर लावला, पाच फुटांवर खडूची रेघ, तिथून पुढे परत टेप. सहा फूट साडेसात इंच. हनुमान बांबूशेजारी उभा राहिला, सावळीच्या पोरीने सगळा व्हिडिओ काढला, आणि चार वाजायच्या आत एजंटाचा हसरा आवाज फोनवर आला. जिवलीने साखर वाटली.

साखर घ्यायला मंगळूबाची बायको भिमी आली. तिने अंगणात आडवा पडलेला बांबू बघितला आणि साखरेचा हात तसाच राहिला.

"कमळ्या, कोणाचा माप हा?"

कमळूने सांगितलं.

"जित्या माणसाचा माप काढलास? तू?" भिमीचा आवाज खाली आला. "तुझ्या बापाने काय सांगितला होता? मापाचा बांबू आपल्या माणसाची वाट बघतो. आजच्या आज चार फाळी कर आणि चुलीत घाल."

"उभ्याचा माप हाय, भिमे. आडव्याचा नाय. वीत पण नाय धरली, ना वर ना खाली."

"बांबूला काय कळतो, उभा का आडवा," भिमी म्हणाली आणि साखर तशीच ओसरीवर ठेवून गेली.

कमळूला ठाऊक होतं की ती खरं बोलतेय. तो त्याच संध्याकाळी बांबू फोडणार होता. पण पोराची बांधाबांध, मुंबईला पासपोर्टाच्या खेपा, त्यात दिवस गेले. आणि ज्या दिवशी हनुमान विमानात बसला, त्या दिवशी घरी येऊन कमळूने कोयता घेतला तर जिवली बांबूपाशी उभी. तिचा हात बांबूच्या वरच्या टोकाकडे ताणलेला, टाचा उंच करून.

"एवढा होता," ती म्हणाली. "इथपर्यंत."

कमळूने कोयता परत आकडीला लावला. आईबापाची माया कधीकधी अशी गाढव होते, तिला कोण काय करणार? बांबू घराच्या आतल्या कोपऱ्यात उभा राहिला. जिवली दर शनिवारी त्याला तेलाचा हात फिरवायची. हळूहळू तो गुळगुळीत झाला, पिवळा, चकाकणारा.

पहिलं वर्ष हनुमान तिथे नुसता बाकावर बसला. थंडी, भाषा येत नाही, जेवण पचत नाही. फोनवर सांगायचा आणि हसायचा. इकडे घरात मात्र काहीतरी बदललं होतं. काळ्या नावाच्या कुत्र्याला कोणी कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, पण आता तो आत घुसायचा आणि त्या कोपऱ्यात जाऊन शेपूट हलवायचा, पूर्वी हनुमान शहापूरहून आला की हलवायचा तसाच. कोंबड्या त्या कोपऱ्यात जात नव्हत्या. सावळी एकदा पीठ मागायला आली, दारातच थबकली आणि म्हणाली, "हनुमान आला काय गो? सांगितला पण नाय." जिवलीने मागे वळून बघितलं. कोपऱ्यात फक्त बांबू होता.

दुसऱ्या वर्षी पोराचं नशीब उघडलं. क्लबचा एक खेळाडू सोडून गेला आणि हनुमान पहिल्या पाचांत आला. भिंतीवर त्याचं मोठं चित्र लावलं, प्रेक्षक त्याला हाका मारू लागले. सामने मोबाइलवर दिसायचे. जिवली फोन डब्याला टेकवून बसायची, तिला नियम काही कळत नव्हते, पण पोरगा उडाला की ती पण बसल्या जागी इंचभर वर यायची. आणि सामन्याच्या दिवशी, सामना सुरू व्हायच्या आधी, घरात आवाज यायचा. थप, थप, थप. पहिल्यांदा कमळू खळ्यात जाऊन बघून आला. कोणी नव्हतं. आवाज आतून येत होता, कोपऱ्यातून, बांबूच्या बुडाखालच्या शेणाच्या जमिनीवरून. तिथे वाटीएवढा खळगा पडला होता.

"खेळतोय," जिवली म्हणाली. तिला भीती वाटत नव्हती. तिला आनंद होत होता, आणि त्याचीच कमळूला जास्त भीती वाटली.

दिवाळीच्या सुमारास त्या सुक्या, दीड वर्षं घरात उभ्या असलेल्या बांबूच्या वरच्या पेरातून हिरवा कोंब निघाला. त्याच दिवशी हनुमानाने एकतीस गुण केले होते. जिवलीने कोंबाला हळद-कुंकू लावलं. कमळू अंगणात बसून राहिला. त्याला वाटलं, आता फोडायला हवा. मग वाटलं, पण आता कोंब आलाय, आता फोडला तर काय होईल? बांबू ठेवायची भीती आणि फोडायची त्याहून जास्त. असा तो अडकला, आणि कोणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण माप त्यानेच काढलेलं होतं.

पौषात म्हश्याची जत्रा भरली. हनुमानाने फोनवर सहज म्हटलं होतं, बा, इथे सगळी पांघरुणं आखूड, पाय बाहेर राहतात. एवढं निमित्त कमळूला पुरलं. जत्रेत घोंगड्या येतात, लांब बघून एक घ्यायची आणि एजंटाबरोबर पाठवायची. लांबी नेमकी हवी म्हणून त्याने सकाळी कोपऱ्यातला बांबू उचलला, कोंब कधीच सुकून गळून पडला होता, आणि तो दाराबाहेर पागोळीला टेकवून ठेवला.

"जत्रेत बांबू घेऊन हिंडणार?" जिवली म्हणाली. "लोक म्हणतील, कमळू जत्रेत पण मापां काढायला आला."

कमळूला हसू आलं. खरंच होतं ते. जीप फाट्यावर हॉर्न मारत होती. त्याने बांबू तिथेच पागोळीला सोडला, आत ठेवायला विसरला आणि गेला.

जत्रेत त्याने चार दुकानं पालथी घातली. घोंगडीवाल्याने विचारलं, किती लांब हवी? कमळूने हात वर केला, टाचा उंच केल्या, तरी हात पुरला नाही. शेवटी त्याने डोळे मिटून नजरेनेच माप घेतलं आणि बोट ठेवलं, ही. ती घोंगडी खांद्यावर टाकून तो साडेतीनच्या सुमाराला फाट्यावर उतरला, तेव्हा त्याला बांधावरून माणसं येताना दिसली. पुढे मंगळूबाचा मुलगा लडकू, हातात विस्तवाचं मडकं.

मंगळूबा अकराच्या सुमाराला गेला होता, जेवायला बसता बसता. कमळूची थोडी वाट बघितली, पण त्याचा फोन घरी जिवलीपाशी होता आणि जत्रेला गेलेला माणूस कधी परतेल याचा नेम नाही. दिवस तर लहान. मग पोरांनीच तिरडी बांधली. कमळूला वाईट वाटलं, डोळे भरून आले. ज्या माणसाने सावरीला कडी ठोकली त्याचा बांबू आपल्या हातून तोडला गेला नाही. तो धावत गेला, डोईचं फडकं सोडलं, आणि पुढच्या डाव्या बाजूच्या माणसाला सरकवून त्याने खांदा दिला.

हात बांबूवर पडला आणि बोटं त्यावरून फिरली.

बांबू गुळगुळीत होता. तेल प्यालेला. वरच्या पेराशी बोट गेलं, तिथे कोंब सुकल्याची खरखर होती. मंगळूबा बुटका माणूस, पाच फूट दोन इंच. वर एक वीत, खाली एक वीत. कमळूने चालता चालता मनात बेरीज केली. त्याच्या पोराचा बांबू म्हाताऱ्याच्या तिरडीला एक बोटही कमी-जास्त न होता बसला होता.

"कुठून आणला हा?" त्याने शेजारच्या पोराला विचारलं.

"तुमच्याच दारातून, काका. पागोळीला तयारच होता. कापायला पण नाय लागला. काकी तेव्हा मंगळूबाच्या घरात होती."

तिरडी वाटेत खाली ठेवता येत नाही, फक्त विसाव्याला ठेवतात. ओढ्याच्या अलीकडे चिंचेखाली एक सपाट दगड आहे, तिथे मेलेल्या माणसाला क्षणभर टेकवायचं, खांदे बदलायचे आणि मग पुढे सरणाकडे. तिथपर्यंतची पावलं कमळू चालला. आपल्या पोराला आपण आपल्याच खांद्यावरून नेतोय, हे त्याला प्रत्येक पावलाला कळत होतं. आणि खांद्यावरचा बांबू धडधडत होता. थप, थप, थप. तिकडे सामना सुरू झाला होता.

विसाव्याला तिरडी टेकली तशी ती धडधड थांबली. मधेच, अर्ध्यावर थांबली. कमळूने बांबूवर हात दाबून धरला. काही नाही. सुकं लाकूड.

"बाजूला व्हा," तो म्हणाला. "हा बांबू काढायचा हाय."

लडकू पुढे आला. "कमळूकाका, डोका फिरला काय? वाटेत कोणी तिरडी सोडतो?"

"माझ्या पोराचा माप हाय हा."

तेवढं पुरलं. त्या गोतातला एकही माणूस असा नव्हता की ज्याला याचा अर्थ कळला नाही. ज्याने पागोळीवरून बांबू उचलला होता तो पोरगा रडायलाच लागला. लडकूने विस्तवाचं मडकं खाली ठेवलं नाही, ते ठेवता येत नाही, पण तो मागे सरला.

कमळूचा बाप मरताना त्याला सगळं सांगून गेला होता. तिरडीचा बांबू काढू नये. काढलाच, तर ती जागा मोकळी ठेवू नये, आणि तिथे दुसऱ्या कोणाचा घालू नये. काढणाऱ्याने आपला घालावा. तेव्हा तरुण कमळूने विचारलं होतं, असं कोण करील? बाप म्हणाला होता, करील कोणीतरी, म्हणून तर सांगायचं.

ओढ्याच्या काठाला बांबूचं बेट होतं. कमळूने त्यातला एक तोडला, फांद्या छाटल्या आणि चिंचेखालच्या गवतावर ठेवला. मग तो त्याच्या शेजारी आडवा झाला. उताणा, हात अंगाला लावून, पाय जुळवून. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांना असं बघितलं होतं. खालून झाड कसं दिसतं ते त्याला आज पहिल्यांदा कळलं. त्याला भयंकर भीती वाटली. उठून घरी पळून जावं असं वाटलं, जिवलीच्या हातचा चहा प्यावासा वाटला. मग त्याने डोक्याच्या वर वीत मोजली आणि कोयत्याने खूण केली, आणि पायांच्या खाली मोजायला लडकूला सांगितलं.

"मी नाय मोजणार, काका," लडकू म्हणाला.

"मोज. माझा हात नाय पुरत तिथे."

लडकूने एका हाताने मोजलं.

नवा बांबू जुन्याशेजारी ठेवून कमळूने कामट्या त्याला बांधल्या, मग जुन्याचं सुंभ कापून तो अलगद ओढून काढला. मंगळूबा हलला पण नाही. जुना बांबू घरी न्यायचा नव्हता आणि आडवाही टाकायचा नव्हता, म्हणून कमळूने तो ओढ्याच्या ओल्या मातीत उभा रोवला. तिरडी उचलली गेली. यावेळी कमळूने खांदा दिला नाही. तो मागून चालला आणि सरणावर आपला बांबू जळताना त्याने शेवटपर्यंत बघितला.

घरी आला तेव्हा जिवली उंबऱ्यात बसली होती, फोन दोन्ही हातांत धरून.

"पडला," ती म्हणाली. "कोणी धक्का पण नाय दिला. उभ्या उभ्या पडला. सगळे धावले. त्याच्या छातीवर दाबत होते, दाबत होते. मग चित्रच बंद केला त्यांनी." तिने फोन कमळूसमोर धरला. "आता फोन आला. उठला. डोळे उघडले. त्याचा जीव बंद पडला होता म्हणतात, आणि परत चालू झाला."

"कधी पडला?"

"चार वाजून गेले होते. तुमी कुठे होतात?"

"विसाव्याला," कमळू म्हणाला आणि तिच्या शेजारी बसून हमसून हमसून रडला.

मंगळूबाच्या बाराव्याला पंगत बसली. वाढणारा पोरगा भाताचं पातेलं घेऊन आला, कमळूच्या उजवीकडच्याला वाढलं, डावीकडच्याला वाढलं आणि पुढे गेला. कमळूने हाक मारली तेव्हा तो दचकला. "काका, तुमी इथे होतात?" त्यानंतर हे वारंवार होऊ लागलं. फाट्यावर जीप त्याच्यासाठी थांबेना. हात केला तरी ड्रायव्हरचं लक्ष जात नसे. कोंबड्या त्याच्या पायांवरून चालत जायच्या. काळ्या त्याला बघून शेपूट हलवायचं सोडाच, मानही वर करत नव्हता. जिवली तेवढी त्याच्याशी पूर्वीसारखी बोलायची, पण एखाद्या दिवशी तीही एकच ताट घ्यायची, आणि मग कपाळावर हात मारून दुसरं घ्यायची. कमळू कुरकुर करत नव्हता. त्याने हिशोबाने घेतलेलं माप होतं ते.

हनुमान वैशाखात घरी आला. त्याच्या छातीत डॉक्टरांनी एक छोटं यंत्र बसवलं होतं आणि परत खेळायचं नाही असं निक्षून सांगितलं होतं. चोविसाव्या वर्षी पोराचा खेळ संपला. काळ्या फाट्यापर्यंत धावत गेला. हनुमान दारात वाकला, आत आला आणि पहिले पंधरा दिवस कोणाशी धड बोलला नाही. घोंगडी घेऊन ओसरीवर पडून राहायचा. ती त्याला बरोब्बर पुरत होती. कमळूला त्याचं दुःख बघवत नव्हतं, आणि तरी रोज सकाळी त्या घोंगडीखालचा श्वास वर-खाली होताना बघून त्याला जे सुख व्हायचं, त्याची त्याला लाज वाटायची. पुढे कॉलेजच्या सरांनी ओळख काढून हनुमानाला आश्रमशाळेतल्या पोरांना शिकवायचं काम मिळवून दिलं. खळ्यातून परत आवाज येऊ लागला, आणि तो खरोखर खळ्यातूनच येत होता.

आश्विनात भिमी गेली. माणसं अंगणात आली आणि कमळू दारात बसलेला असूनही त्याला शोधू लागली. हनुमानाने दाखवलं, "हे काय, बा इथे बसलाय." मग बापाचं अंग आता थकलंय म्हणून तोही कोयता घेऊन बरोबर निघाला.

विसाव्यापाशी दोघं थांबले. ओढ्याच्या काठी कमळूने रोवलेला बांबू रुजला होता. बुडाशी नवे कोंब, वर पानं. तो आता हनुमानाच्या डोक्याच्या हातभर वर गेला होता. हनुमानाने कोयता उचलला.

"तो नको," कमळू म्हणाला. "त्याला कोणी हात लावायचा नाय. पलीकडचा घे."

हनुमानाने पलीकडचा तोडला. फांद्या छाटता छाटता त्याने चिंचेकडे बघितलं, खालच्या गवताकडे बघितलं आणि त्याचे हात थांबले.

"बा, मी कोणाला सांगितला नाय. मी पडलो ना तिथे, तेव्हा मला कोर्ट दिसत नव्हता. गवत होता. आणि वर चिंच. माझ्या बाजूला तुमी आडवे होता, डोळे उघडे ठेवून. मला म्हणालात, ऊठ, ही माझी जागा हाय."

कमळूने दोरी काढली आणि तो कामाचं सांगायला लागला. माप घरी जाऊन घ्यायचं, माणूस आडवा असताना. दोरी कानापासून नाही, टाळूपासून लावायची. डोक्याकडे वीत, पायाकडे वीत. उरलेला तुकडा जाळायचा. उभ्या माणसाचं माप घ्यायचं नाही, कोणी कितीही मागितलं तरी, कितीही प्रेमाचं असलं तरी. हनुमान ऐकत होता. एवढा मोठा पोरगा, पण शाळेत बसल्यासारखा उकिडवा बसून ऐकत होता.

"चाळीस वर्षां मी केला," कमळू म्हणाला. "आता पाड्यातल्या सगळ्यांची मापां तू घ्यायची."

हनुमानाने दोरी बोटाला गुंडाळली.

"आणि तुमचा, बा? तुमचा पण मीच घ्यायचा?"

"माझा नाय घ्यावा लागणार," कमळू म्हणाला. "माझा घेऊन झालाय."